यादीतलं सातवं नाव

मंगळवारी सकाळी वर्गशिक्षिका मिस हार्टनेटनी यादी हातात दिली, तेव्हा येशीने ती सवयीप्रमाणे खालून वर वाचायला घेतली आणि पहिल्याच नावाशी अडली. सातवं आणि शेवटचं नाव होतं माहलेत देरेजे.

तिसरीच्या वर्गात मदतनीस म्हणून तिचं हे चौथं वर्ष. मुलगा की मुलगी हे ज्याचं त्याला मनातून काय वाटतं, अशा विषयाचं पुस्तक वर्गात वाचायचं असलं, की शाळा आधी पालकांना कळवायची. ज्यांना नको असेल ते सही करून पाठवत, आणि त्यांची मुलं तेवढा वेळ ग्रंथालयात बसत. त्यांना घेऊन जायचं काम येशीचं. मायदेशी देसे गावात तिने सहा वर्षं पुऱ्या वर्गाला रसायनशास्त्र शिकवलं होतं. मेरिलँडमध्ये सहा मुलांना जिगसॉ जुळवून द्यायची. पोटापाण्यासाठी माणूस काय काय करतं, तिला त्याचं फारसं काही वाटत नसे. पण आज सहाची सात झाली होती, आणि सातवी तिच्या पोटची होती.

तिने नावं वाचली. तिच्या दिराची मुलगी सारोन शिफेराव उठली, ती तर उठणारच होती. माहलेत मात्र बसूनच राहिली. मग तिने आईकडे असं पाहिलं, की येशीला हातातली यादी पाठीमागे लपवावीशी वाटली.

"मी पण?" माहलेतने विचारलं.

"चल बाळा," येशी म्हणाली. सगळ्या वर्गासमोर दुसरं काय म्हणणार?

माहलेतच्या शेजारी रूबी बसायची. गेल्या वर्षी ही रूबी मुलाच्या नावाने शाळेत यायची. या वर्षी केस वाढवून, पिवळा फ्रॉक घालून आली, आणि आठवड्याभरात मुलं जुनं नाव विसरूनही गेली. दाराशी पोचेपर्यंत येशीच्या पाठीवर त्या मुलीची नजर होती. कोण कोण उठतंय ते रूबी मोजत होती. दुसऱ्या दिवसापासून ती जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या टेबलावर जाऊन बसायला लागली.

दुपारी येशी ऑफिसात गेली. तिथल्या बाईंनी कागद काढून दाखवला. वडिलांच्या सहीच्या जागी मोठी, वळणदार, खाली दोन रेघा ओढलेली सही होती. ती सही या घरात कुणीही डोळे मिटून ओळखली असती. घराच्या भाड्यावर, व्हिसाच्या कागदांवर, तिच्या नवऱ्याच्या, देरेजेच्या, पहिल्या नोकरीच्या अर्जावर तीच होती. थोरल्या दिराची, शिफेरावची.

"काही चुकलंय का?" बाईंनी विचारलं.

"नाही," येशी म्हणाली आणि परत आली. हे वडील नव्हेत, काका आहेत, एवढे पाच शब्द तिच्या ओठांवर आले होते. पण शिफेराव त्याच जिल्ह्याच्या शाळेची बस चालवत होता. शाळेच्या कागदावर खोटी सही केलेल्या माणसाच्या हाती लोक मुलं देतील का? झाकली मूठ झाकलेलीच बरी, असं म्हणत तिने पाच दिवस काढले. त्या पाच दिवसांत माहलेतने तिला एकदाही विचारलं नाही, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

रविवारी चर्चमधून आल्यावर सगळे नेहमीसारखे शिफेरावकडे जेवायला जमले. दोन घरांमध्ये एकच भिंत. तिकडे कुणी शिंकलं की इकडून आशीर्वाद जायचा. उपासाचे पंचावन्न दिवस चालू होते, म्हणून पानात मांस नव्हतं, तूप नव्हतं. इंजेराच्या आंबूस धिरड्यावर पिठल्यासारखा दाट शिरो, मसूर आणि कोबी. पांढऱ्या नेतेला शालीचा पदर खांद्यावर सावरत झेनेबेच, शिफेरावची बायको, वाढत होती. मुली जेवून मागच्या अंगणात पळाल्या. सारोन पळाली, माहलेत तिच्यामागून चालत गेली.

इमाये, म्हणजे सासूबाई, कोपऱ्यात बुटक्या स्टुलावर बसून कॉफी भाजत होत्या. कॉफीचे तीन कप होईपर्यंत या घरातून कुणी उठायचं नाही. त्यामुळे या घरातली सगळी भांडणं, सोयरिकी आणि समेट तीन कपांत बसवलेले असत.

पहिला कप हातात आल्यावर येशी म्हणाली, "गाशे, एक विचारायचं होतं."

थोरल्याला गाशे म्हणायचं, हे ती लग्न होऊन आल्यापासून शिकली होती.

"विचार ना," शिफेराव म्हणाला. सत्तावन्न वर्षांचा, अंगाने भरलेला, आवाज कधी न चढवणारा माणूस. त्याला आवाज चढवायची कधी गरजच पडली नव्हती.

"माहलेतच्या कागदावर सही तुमची आहे."

"हो." त्याला त्यात काही लपवण्यासारखं वाटलंच नाही. "चर्चच्या तळघरात टेबल लावलं होतं. मुलांनी आपल्या अम्हारिकमध्ये फॉर्म छापून आणले होते, चांगलं काम केलं पोरांनी. मला विचारलं, गाशे, तुमच्या घरात तिसरीतल्या मुली किती? म्हटलं, दोन. दोन्हींचे भरले. तू त्या दिवशी स्वयंपाकघरात होतीस, तुला कुठे हाका मारत बसू?"

"मला सांगितलं असतं तर..."

"तर काय, तू नाही म्हणाली असतीस?" झेनेबेचने विचारलं. तिच्या बोलण्याला धार होती, पण हात येशीच्या कपात साखर घालत होता. "अगं, ही सही करायचा हक्क राहावा म्हणून आम्ही थंडीत शाळा-मंडळाच्या दारात उभे राहिलो. ते पलीकडच्या गल्लीतले मुसलमान आले होते, ते स्पॅनिश बोलणारे आले होते. तीनशे माणसांना मी कोबी वाढलाय. आणि यांच्या घरातल्याच पोरीचं नाव यादीत नको? लोक काय म्हणतील, शेजारच्यांच्या मुलांसाठी भांडले आणि स्वतःच्या घरात दिव्याखाली अंधार!"

"कोबी छान होता, इत्ये झेनी," येशी थोरल्या जावेला म्हणाली. "मीच चिरला होता."

देरेजेला हसू आलं. त्याने ते कपात लपवलं. इमायेंनी ते पाहिलं आणि काहीच पाहिलं नाही असं दाखवून मडक्यात पुन्हा पाणी ओतलं.

"येशी, तुला मी एक सांगतो," शिफेराव म्हणाला. "देरेजे तेव्हा पाळण्यात होता. आमच्या शाळेत दर शुक्रवारी राजकारणाचा वर्ग असायचा. जायलाच लागायचं. एकदा मास्तरांनी मला फळ्यापाशी उभं केलं आणि 'देव नाही' असं पन्नासदा लिहायला लावलं. का, तर माझे वडील चर्चमध्ये गातात. अकरा वर्षांचा होतो मी. तिसावं वाक्य लिहीत असताना दारात बाबा आले. कुणीतरी सांगितलं असेल. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली, दाराबाहेर उभे राहिले, माझ्याकडे पाहिलं आणि परत गेले. एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर तुरुंगात गेले असते. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला मारलं असतं तरी चाललं असतं, पण ते माझ्याशी आठवडाभर नीट बोलू शकले नाहीत."

इमायेंचा हात थांबला होता. ही गोष्ट त्या प्रथमच ऐकत नव्हत्या, पण दर वेळी त्यांचा हात इथेच थांबायचा.

"म्हणून इथे कुणी मला कागद दिला, की बाबा रे, तुझ्या मुलीला काय शिकवायचं नाही ते तू सांग, तर मी सही करणारच. बापाला विचारणारा देश मिळाला मला. मी त्या रूबीच्या वाईटावर नाही. तिला माझ्या बसमध्ये कुणी चिडवलं, तर मी बस थांबवतो. विचार तिला. पण माझ्या मुलीला हे कधी आणि कसं सांगायचं, ते मी ठरवणार. यात चुकीचं काय?"

"काहीच नाही," येशी म्हणाली.

आणि तिला खरंच काही चुकीचं वाटत नव्हतं. हीच तर अडचण होती. समोरचा माणूस दुष्ट असता तर गोष्ट सोपी होती. या माणसाने विमानतळावर रात्रंदिवस टॅक्सी चालवून चौदा वर्षांपूर्वी त्यांना इथे आणलं होतं. माहलेत जन्मली तेव्हा देरेजे कामावर होता, आणि इस्पितळाच्या बाकावर हाच बसून राहिला होता. त्याचं ऋण कुठल्या तोंडाने बाजूला सारायचं? तिने कप खाली ठेवला.

"गाशे, तुमच्या बाबांना सरकारने विचारलं नाही."

"नाही विचारलं."

"मला तुम्ही विचारलं नाही."

इमायेंनी निखाऱ्यावर चिमूटभर धूप टाकला.

"मंगळवारी मी बाबांच्या जागी होते," येशी म्हणाली. डोळ्यांत आलेलं पाणी तिने मनगटाने पुसलं. "दारात उभी होते. हातात टोपी नव्हती, यादी होती. माझी मुलगी मला विचारते, मी पण? आणि मला तिला का नेतेय तेच माहीत नाही. मी शाळेत नोकरी करते म्हणून गप्प बसले, तुम्ही बस चालवता म्हणून ऑफिसात गप्प बसले. माझ्या पोरीबद्दल सगळ्यांनी ठरवलं, फक्त मी नाही."

"अगं बाई," झेनेबेच म्हणाली, "एवढंच ना? आता विचारतोय. बोल, हो की नाही?"

"मला माहीत नाही, इत्ये."

"घ्या! मग रडायचं कशाला?"

"पुस्तक वाचलंय मी. दोनदा. त्यातलं सगळं मला पटलं असं नाही. आठ वर्षांच्या पोरीला हे आता का सांगायचं, असं एका पानावर वाटतं. दुसऱ्या पानावर वाटतं, हे तर तिला रूबीमुळे आधीच ठाऊक आहे, मग बाहेर काढून काय वाचवलं? कदाचित मीच सही केली असती. खरंच सांगते. पण ती मी केली असती, आणि का केली ते तिला सांगता आलं असतं."

इमायेंनी दुसरा कप फिरवला. शिफेरावने तो घेतला आणि पिता पिता भावाकडे पाहिलं.

"तू काय म्हणतोस, देरेजे?"

हा प्रश्न या घरात चौदा वर्षं विचारला जात होता, आणि उत्तर ठरलेलं होतं: तुम्ही म्हणाल तसं, गाशे. ते ऐकायला सगळे तयारच होते. येशीने मान खाली घातली.

"शाळेत माझा फोन नंबर नाही," देरेजे म्हणाला.

"काय?"

"माहलेतचं नाव घातलं तेव्हा वडिलांच्या रकान्यात फोन तुमचा दिला. तेव्हा माझं इंग्रजी धड नव्हतं, शाळेचा फोन आला तर मी काय बोलणार, म्हणून. ते तीन वर्षं तसंच राहिलं. तिला ताप आला तरी फोन तुम्हाला येतो. शाळेच्या हिशेबी तिचे वडील तुम्हीच आहात, गाशे. म्हणून सही चालली. त्यांची चूक नाही. तुमचीही नाही." तो थांबला. त्याला असं सलग बोलायची सवय नव्हती. "तुम्ही माझ्या हातून काही काढून घेतलं नाही. मीच देत गेलो. सोपं होतं ना. पण आता येशी रडतेय आणि मी कॉफी पितोय, हे काही बरोबर नाही."

झेनेबेच काहीतरी बोलणार होती. इमायेंनी नुसती पळी मडक्यावर वाजवली आणि ती थांबली.

शिफेरावचा चेहरा पडला. रागाने नाही. ज्या घराचा खांब आपण आहोत असं वाटत होतं, त्या घराने हळूच टेकण सोडावी, तसं त्याला झालं असावं. त्याने मिशीवरून हात फिरवला. येशीला वाटलं, आपण बोललो नसतो तर बरं झालं असतं. मग वाटलं, नाही.

"म्हणजे मी उगाच लुडबुड केली म्हणायची," तो म्हणाला.

"असं नका म्हणू, गाशे."

"मग कसं म्हणू? दोन मुली, असं मी सांगितलं तेव्हा मला क्षणभरही वाटलं नाही, की त्यातली एक माझी नाही."

येशीच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि या वेळी तिने ते पुसलं नाही.

"ती तुमचीच आहे," ती म्हणाली. "सही तेवढी आमची असू द्या."

इमायेंनी शिफेरावपुढे तिसरा कप धरला. तिसरा कप आशीर्वादाचा; तो रागात प्यायचा नसतो. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला, रिकामा केला, आणि म्हणाला, "उद्या मी ऑफिसात जातो. सांगतो, मी काका आहे."

"अहो, हात दाखवून अवलक्षण कशाला?" झेनेबेच घाबरली. "डेपोत कळलं तर? देरेजेलाच जाऊ दे. म्हणावं मी मत बदललं, झालं."

"खोट्यावर खोटं? उपासाच्या दिवसांत?" शिफेराव म्हणाला. "मी केलेली सही मीच खोडणार."

"मी येतो बरोबर," देरेजे म्हणाला. "नंबर बदलायचा आहे."

सोमवारी दोघे भाऊ चांगले कोट घालून शाळेत गेले, जणू कुणाची मागणी घालायला निघाले होते. ऑफिसातल्या बाईंनी ऐकून घेतलं, शिफेरावकडून दोन ओळी लिहून घेतल्या आणि कागद रद्द केला. पण त्या दोन ओळी तिथेच थांबल्या नाहीत. दुपारी डेपोतल्या साहेबांनी त्याला बोलावून समज दिली, ती लेखी. या देशातल्या बावीस वर्षांत त्याच्या नावावर असा कागद कधी लागला नव्हता. त्याने हे घरी सांगितलं नाही. झेनेबेचने त्याच्या खिशातून तो शोधून काढला, आणि भिंतीपलीकडे मुद्दाम ऐकू जाईल अशा आवाजात भांडी घासली.

येशीने ती ऐकली. समोर टेबलावर कोरा फॉर्म होता. आता तिला हवं ते मिळालं होतं, आणि त्यावर काय लिहायचं ते कळत नव्हतं.

"तू म्हणशील तसं," देरेजे म्हणाला.

"हे बघ, आता ते नको. गाशेंना जे वाक्य दिलंस ते मला देऊ नकोस. तुला काय वाटतं?"

तो बराच वेळ विचार करत राहिला. लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण आपला नवरा विचार करताना कसा दिसतो हे येशी जणू प्रथमच पाहत होती.

"पुस्तकाची मला भीती वाटत नाही," तो शेवटी म्हणाला. "त्यातलं काय पटतं, काय नाही, ते आपण सांगू तिला. चर्चमध्ये काय शिकवतात तेही सांगू. पाच दिवस तिने आपल्याला काही विचारलं नाही, त्याची भीती वाटते. बाहेर काढलं आणि विचारायचंच बंद झाली, तर मग काय करायचं?"

त्यांनी माहलेतला बोलावलं. तिला सांगितलं, की मागच्या वेळी तिला न विचारता, न सांगता बाहेर नेलं, ते चुकलं. उद्या तिने वर्गात बसावं, आणि जे काही वाचतील ते जेवताना सांगावं.

"सगळं?"

"सगळं. आम्हाला काही पटणार नाही, तेव्हा आम्ही तसं सांगू."

"मला पटलं तर?"

देरेजेने येशीकडे पाहिलं. "तर तू तसं सांग," येशी म्हणाली. हे बोलायला तिला वाटलं होतं त्याहून जड गेलं.

"सारोन येणार का वर्गात?"

"ते तिचे बाबा ठरवणार."

मंगळवारी यादीवर सहा नावं होती. येशीने ती वाचली. सारोन उठली आणि जागेवर बसलेल्या माहलेतकडे पाहत पाहत दारापर्यंत आली. रूबीने या वेळीही मोजलं. मोजता मोजता तिचं बोट हवेतच राहिलं, आणि मग ती आपल्या खुर्चीत नीट सरकून बसली. मिस हार्टनेटनी पुस्तक उघडलं. येशीने सहा मुलांना बाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं. आत आपल्या मुलीला काय सांगतायत, त्यावर तिचा चेहरा कसा होतोय, हे पाहायला ती तिथे नसणार होती. तिने मागितलेला निर्णय असा होता.

ग्रंथालयात पाच मुलं जिगसॉवर वाकली. सारोन मात्र टेबलाच्या टोकाला बसून राहिली.

"काकू, माहलेत का नाही आली?"

"तिच्या आईबाबांनी ठरवलं तसं."

"आणि माझ्या बाबांनी असं?"

"हो."

सारोनने जिगसॉचा एक तुकडा उचलला, परत ठेवला. "मग आता तिला माहीत असणार आणि मला नाही. काय आहे हो त्या पुस्तकात?"

येशीला पान न् पान पाठ होतं. ग्रंथपालबाई लांब होत्या, मुलं खेळात रमली होती. दोन वाक्यांत सांगून टाकता आलं असतं, आणि पोरीच्या डोळ्यांतला एकटेपणा तिथल्या तिथे मिटला असता. हिच्या बापाला कधीच कळलं नसतं. हीसुद्धा आपलीच मुलगी, मनात आलं तिच्या. या घरात तिसरीतल्या मुली दोन. तिने तोंड उघडलंसुद्धा.

मग तिने सारोनची खुर्ची स्वतःजवळ ओढून घेतली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली, "पण मी सांगणार नाही. संध्याकाळी बाबांना विचार. म्हणावं, काकूने तुम्हालाच विचारायला सांगितलंय."

"ते सांगतील?"

"तू विचारलंस तर विचार करतील."

सारोन फुगून बसली. येशी तिच्या शेजारीच बसून राहिली, तास संपेपर्यंत.